गाडी परत मिळाली तरी चोरी ती चोरीच

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या दूधवाल्याची मोपेड रात्री दारासमोरून कोणीतरी नेली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती फुटाळा तलावाजवळ सापडली. टाकी कोरडी, कॅन अडकवायचे हूक वाकलेले. सकाळचा रतीब बुडाला तो बुडालाच. पोलीस ठाण्यात तक्रार द्यायला गेला तर उत्तर मिळालं, "गाडी भेटली ना? मग चोरी कायची? पोट्ट्यांनी फिरवली असन."

मी जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिली करते. हा युक्तिवाद इंग्लंडमध्ये शोभला असता. तिथल्या 1968 च्या चोरीविषयक कायद्यात दुसऱ्याची मालमत्ता अप्रामाणिकपणे बळकावली एवढं पुरत नाही. मालकाला तिच्यापासून कायमचं वंचित करण्याचा हेतूही सिद्ध करावा लागतो. गाडी फिरवून सोडून देणारा त्यातून सुटतो, म्हणून त्याच कायद्याच्या बाराव्या कलमात परवानगीविना वाहन नेणं हा निराळा गुन्हा ठेवला आहे.

आपल्याकडे 'कायमचं' ही अट मुळातच नाही. जुन्या दंड संहितेचं कलम 378 घ्या, नाहीतर 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या न्याय संहितेचं 303. जंगम वस्तू दुसऱ्याच्या कब्जातून त्याच्या संमतीवाचून काढून घेण्याच्या अप्रामाणिक हेतूने हलवली, की चोरी झाली. अलवरच्या मुख्य अभियंता कार्यालयातले अधीक्षक प्यारेलाल भार्गव यांनी सरकारी फाइल बाहेर नेली आणि दुसऱ्याच दिवशी परत आणली. सर्वोच्च न्यायालयाने तीही चोरीच ठरवली. आपल्या नागपुरातूनच निघणाऱ्या 'ऑल इंडिया रिपोर्टर'च्या 1963 च्या खंडात तो निकाल आहे. नव्या संहितेत पाच हजारांखालच्या चोरीत, पहिल्यांदाच दोषी ठरलेल्याने वस्तू परत केली तर समाजसेवेची शिक्षा आहे. म्हणजे तिथेही परतफेडीने शिक्षा हलकी होते, गुन्हा पुसला जात नाही.

ओळखीच्या कुणी हक्काने नेली असेल तर गोष्ट वेगळी. पण ते तपासात ठरू द्या, टेबलापलीकडून तोंडी नको. मोपेडची किंमत पाच हजारांच्या वर, म्हणजे गुन्हा दखलपात्र, न्यायालयाच्या परवानगीविना पोलिसांना तपासता येणारा. तो नोंदवणं बंधनकारक असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी खटल्यात 2013 मध्येच सांगितलं आहे. पोलीस आयुक्तांनी सर्व ठाण्यांना तशी लेखी समज द्यावी, आणि या प्रकरणी फुटाळा रस्त्यावरच्या कॅमेऱ्यांचं चित्रण पुसलं जाण्याआधी मागवावं.

आपली,
एक वकील, महाल, नागपूर