राखडीखालच्या गावांना डहाणूसारखं प्राधिकरण द्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

माझं माहेर डहाणू तालुक्यातलं आणि सासर नागपूरचं, त्यामुळे कोळशावरची वीज दोन्हीकडून बघितलीय. जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने एफजीडीबाबतची नवी अधिसूचना काढली तेव्हापासून हे पत्र लिहायचं मनात होतं.

एफजीडी म्हणजे चिमणीतून बाहेर पडणारा सल्फर डायऑक्साइड धुऊन काढणारी यंत्रणा. डिसेंबर २०१५ मध्ये सरकारनेच मर्यादा घालून दिल्या, दोन वर्षात पाळा म्हणून सांगितलं, मग मुदतवाढ, परत मुदतवाढ, आणि शेवटी देशातल्या जवळपास ७८ टक्के युनिट्सना ही यंत्रणा लावायचीच गरज नाही असं ठरलं. सक्ती उरली ती मुख्यतः १० लाखांवर वस्तीच्या शहरांपासून किंवा दिल्ली परिसरापासून १० किलोमीटरच्या आतल्या केंद्रांवर, तीही डिसेंबर २०२७ पर्यंत. अकराव्या किलोमीटरवरच्या खेड्यातली माणसं वेगळी हवा घेतात का? आपल्या कोळशात गंधक कमी असतं हे सरकारचं म्हणणं खरं आहे, पण त्यात राख ३०-४० टक्के असते, उष्णता कमी म्हणून तेवढ्याच विजेसाठी जास्त कोळसा जाळावा लागतो, आणि तो वायू हवेत गेल्यावर त्याचे बारीक कण होऊन शेकडो किलोमीटर पसरतात. उंच चिमणी ते दूर नेते, नाहीसं करत नाही.

आता डहाणूचं सांगते, कारण विदर्भात हे फार कमी लोकांना माहीत आहे. तिथे ५०० मेगावॅटचं केंद्र येणार म्हटल्यावर १९८९ मध्ये चिकूच्या वाडीवाल्यांनी कोर्टात धाव घेतली. नर्गिस इराणी आणि कितायून रुस्तम या दोन बायका त्यात अगदी पुढे होत्या. मी तेव्हा शाळेत होते, घरी मोठी माणसं रात्री बोलत बसायची की मोहोरावर राख बसली तर फळ धरेल का, एवढंच आठवतं. केंद्राविरुद्धची ती केस हरले सगळे, सुप्रीम कोर्टातसुद्धा, आणि १९९५ ला केंद्र सुरूही झालं. पण लोकांनी सोडलं नाही. जून १९९१ मध्ये डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झाला होता, तो धागा धरून पुन्हा सुप्रीम कोर्टात गेले, कोर्टाने पाहणीचं काम आपल्या नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेकडे दिलं, आणि ऑक्टोबर १९९६ च्या निकालानंतर डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झालं, अध्यक्ष न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी.

खरी गंमत नाही, खरी ताकद इथे आहे. सामान्य माणसाला आपलं म्हणणं मांडायला एक ठरलेली जागा मिळाली, दर वेळी नवीन वकील आणि नवीन केस नको. याच प्राधिकरणाने १९९९ मध्ये एफजीडी लावायचा आदेश दिला, कंपनी कोर्टात गेली, टाळाटाळ झाली, तेव्हा ३०० कोटींची बँक गॅरंटी मागितली, आणि २००७ मध्ये समुद्राच्या पाण्यावर चालणारी एफजीडी यंत्रणा तिथे सुरू झाली. १९८९ पासून मोजलं तर १८ वर्षं. वीज केंद्र बंद नाही पडलं, वीजही थांबली नाही. देशाने मर्यादा ठरवायच्या आठ वर्षं आधी डहाणूने हे करून दाखवलं.

आता इकडचं. माझी नणंद अशाच एका केंद्राशेजारच्या गावात दिलीय. गावाचं आणि केंद्राचं नाव लिहीत नाही कारण तिच्या घरातला एकजण तिथेच कंत्राटावर कामाला आहे, आणि गावात निम्म्या घरांचं असंच आहे, म्हणून लोक बोलत नाहीत, आणि न बोलणाऱ्यांना तक्रार नाही असं धरलं जातं. एप्रिल-मे मध्ये राखड तलाव, म्हणजे केंद्रातली कोळशाची राख पाण्याबरोबर सोडतात ते तळं, वरून सुकला की वारा सुटल्यावर दार-खिडक्या लावून बसायचं, पाण्याच्या माठावर ओलं फडकं, दिवाळीनंतर कापूस वेचला तर बोटं काळी होतात आणि व्यापारी भाव पाडतो. या नुकसानीचा पंचनामा कोण करतो? गारपीट झाली तर तलाठी येतो, राखडीला कोणी येत नाही.

तरी लोक उभे राहतात हे मुद्दाम लिहिते. कोराडी आणि खापरखेडा या नागपूरजवळच्या वीज केंद्रांच्या परिसरात मंथन अध्ययन केंद्र आणि सेंटर फॉर सस्टेनेबल डेव्हलपमेंट यांनी गावोगावचं पाणी आणि राखड तपासून २०२१ मध्ये अहवाल काढला, नांदगावचे लोक राखड तलावाविरुद्ध बोलले, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये तेव्हाचे पर्यावरण मंत्री आदित्य ठाकरे यांनी तिथे राख टाकणं थांबवायला लावलं. त्यानंतर पाचच महिन्यांनी कोराडी केंद्राचा खसाळ्याचा राखड बंधारा फुटला, राखड शेतात शिरली, कोलार नदीतून कन्हानला गेली, आणि नागपूरच्या पाणीपुरवठ्यावर परिणाम झाला तेव्हा कुठे शहरातल्या लोकांना कळलं की हा प्रश्न आपलाही आहे. तरी मे २०२३ मध्ये कोराडीलाच ६६० मेगावॅटच्या आणखी दोन युनिट्ससाठी जनसुनावणी झाली. विरोध करणारे भर उन्हाळ्यात तिथे गेले आणि बोलले, त्यांचे आभार मानावे तेवढे थोडे. पण सुनावणी एका दिवसाची, संपली की मंडप उतरतो, नंतर कोणाला विचारायचं?

म्हणून माझी मागणी एकच आहे. डहाणूचं प्राधिकरण १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली झालं, तो कायदा आजही आहे. कोराडी, खापरखेडा आणि चंद्रपूरसाठी असंच कायमचं प्राधिकरण नेमा, निवृत्त न्यायमूर्ती अध्यक्ष, सोबत डॉक्टर, शेतीतला जाणकार, गावचे प्रतिनिधी. चंद्रपूर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या यादीत १०० पैकी ८३.८८ गुणांनी अतिप्रदूषित ठरलं होतं, तिथे २९२० मेगावॅटचं केंद्र आहे, मग आणखी कसला पुरावा पाहिजे. चिमणीचे आकडे रोज ग्रामपंचायतीच्या बोर्डावर मराठीत लागू देत, आणि राखडीने गेलेल्या पिकाची भरपाई कशी मागायची हे तलाठ्याला लेखी कळवा.

हिवाळी अधिवेशनाला सगळे आमदार नागपुरात असतात. विदर्भातल्या आमदारांनी पक्ष बाजूला ठेवून हा विषय या डिसेंबरमध्ये सभागृहात मांडावा, आणि त्याआधी एक सकाळ काढून खसाळ्याला जाऊन यावं, विधान भवनापासून फार लांब नाही.

आपली,
एक वाचक, नागपूर