उद्यमबागेतलं काम ओंटारिओत मांडताना

शहापूर, बेळगाव

चि. सौ. मृणाल हिस अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला रेझ्युमे आम्ही दोघांनी बसून वाचला. उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फौंड्रीतली (धातू ओतायच्या कारखान्यातली) पाच वर्षं तू एका ओळीत गुंडाळलीस आणि शिक्षणाला अर्धं पान दिलंस. तिकडे कॅनडात नेमकं उलटं हवं. गुएल्फ, केंब्रिज, किचनर, विंडसर या पट्ट्यात गाड्यांचे भाग करणारे कारखाने भरपूर आहेत आणि तुझ्या कामाची माणसं त्यांना लागतात. पण आपली फौंड्री कसली, तिथे किती कडक तपासणी चालते, हे तिथल्या एचआरला कुठून कळणार? ते कागदावर तूच दाखवायचं.

सुरुवात मालाच्या ग्रेडपासून कर. तू 'एफजी 260' ही करड्या ओतीव लोखंडाची आपली ग्रेड लिहिलीयस, पण तिकडे आयएस 210 हे भारतीय मानक कुणी उघडत नाही, एएसटीएम ए48 हे अमेरिकी मानक बघतात. 260 मेगापास्कल ताकद म्हणजे साधारण 37.7 केएसआय (हजार पौंड दर चौरस इंचाला), म्हणजे त्यांच्या क्लास 35 आणि क्लास 40 यांच्या मधला माल. तेव्हा 'क्लास 35 ची अट भागवणारा' असं लिही, उगाच क्लास 40 लिहू नकोस; मुलाखतीत पहिल्याच प्रश्नाला पकडतील. आपला 30 मिमीचा टेस्ट बार त्यांच्या 1.2 इंची 'बी' बारच्या जवळपास आहे, तेही लक्षात ठेव. एसजी 500/7 या न तडकता ताणल्या जाणाऱ्या ओतीव लोखंडाचं तसंच. त्यांचं 65-45-12 म्हणजे टेन्साइल (तुटेपर्यंतची ताकद) 65 केएसआय, यील्ड (कायमचा आकार बदलेपर्यंतची) 45, इलाँगेशन (तुटण्याआधीचं ताणणं) 12 टक्के. आपला माल ताकदीला त्याच्या वर, पण इलाँगेशनला खाली. दोन्ही एकच आहेत असं चुकूनही म्हणू नकोस.

ड्रॉइंग वाचताना जास्त जपायचं. कागदावर व्ह्यू मांडायची पद्धत आपल्याकडे फर्स्ट अँगल, तिकडे थर्ड अँगल. चौकटीतलं कापलेल्या शंकूचं चिन्ह न बघता ड्रॉइंग वाचलं, तर बाजूचा व्ह्यू उलट्या बाजूचा समजतो आणि बॉस (उंचवटा) किंवा भोक भलत्याच अंगाला जातं. पॅटर्न (साच्याचा नमुना) तसा बनला की अख्खा लॉट भंगारात. काही कारखान्यांत माप अजून इंचात चालतं, आणि टॉलरन्सिंग (मापात किती फरक चालेल ते) एएसएमई वाय14.5 या अमेरिकी मानकाप्रमाणे. आयएसओची सवय असलेल्याला त्यात काही ठिकाणी ठेच लागते, म्हणून तेवढं मानक आधी वाचून जा.

याउलट पीपीएपी, एपीक्यूपी, एफएमईए, एमएसए, एसपीसी या गाडी-उद्योगातल्या दर्जा सांभाळायच्या पद्धती दोन्हीकडे सारख्याच. ती पुस्तकंच मुळात अमेरिकी गाडी कंपन्यांच्या संघटनेची. पीपीएपीचे, म्हणजे नवा भाग ग्राहकाकडून मंजूर करून घेण्याचे, 18 घटक तू फाइलला लावत होतीस, ते रेझ्युमेच्या पहिल्या चार ओळींत यायला हवं. आयएटीएफ 16949 या गाडी-उद्योगाच्या दर्जा मानकाच्या ऑडिटच्या वेळी ब्लोहोलची (ओतलेल्या भागातल्या वायूच्या पोकळीची) रिजेक्शन किती टक्क्यांवरून कितीवर आणली, गेटिंग (धातू साच्यात शिरायची वाट) बदलून की वाळूतला ओलावा सांभाळून, ते आकड्यासकट लिही. आणि 'आम्ही केलं' नको, 'मी केलं' म्हण. आपल्याकडे ते उर्मटपणाचं वाटतं, पण तिकडे 'आम्ही' म्हटलं की तुझा वाटा किती ते त्यांना कळत नाही.

फोटो, जन्मतारीख, लग्न झालंय की नाही, वडिलांचं नाव, धर्म, हे सगळं काढून टाक. दोन पानं पुरेत, तीही ए4 वर नाही, 8.5 बाय 11 इंचाच्या कागदावर. स्वराच्या जन्मानंतरची दोन वर्षं लपवू नकोस. साल घालून 'कौटुंबिक कारणासाठी विश्रांती' एवढी एक ओळ पुरे. मधे भोक दिसलं की वाचणारा स्वतःच वाईट कारण शोधतो.

आता कागदपत्रं. अर्ज केला तेव्हा जावईबापूंच्या पदवीचं मूल्यांकन झालं आणि तुझं राहून गेलं. बऱ्याच घरांत असंच होतं, आणि मग बाईचा एक हंगाम त्यातच जातो. हे मूल्यांकन करणाऱ्या डब्ल्यूईएस संस्थेला ट्रान्सस्क्रिप्ट (सगळ्या गुणांचा उतारा) विद्यापीठाकडूनच जावं लागतं, सीलबंद, पाकिटाच्या झाकणावर शिक्का मारून. तुझ्या हातची झेरॉक्स चालत नाही. तुझं विद्यापीठ व्हीटीयू आपल्या गावातच, मच्छ्याजवळ ज्ञानसंगमला, त्यामुळे पाठपुरावा आम्ही करतो. तू फक्त डब्ल्यूईएसचा रेफरन्स नंबर, यूएसएन (विद्यापीठातला तुझा नंबर) आणि सगळ्या सेमिस्टरच्या मार्क्स कार्डांचे स्कॅन पाठव. ज्या विषयाला दुसऱ्या वेळी बसलीस त्याचं कार्डही. प्रोव्हिजनलवर अडून राहू नकोस, पदवीदानाचं मूळ प्रमाणपत्र कपाटात आहे. संच एकाऐवजी तीन मागवू, कारण इंजिनिअरिंगचा परवाना देणारी ओंटारिओची संस्था पीईओ आपली छाननी वेगळी करते. डब्ल्यूईएसचा अहवाल म्हणजे परवाना नव्हे.

नावाचा घोळ वेगळाच आहे. मार्क्स कार्डावर माहेरचं नाव, तेही आद्याक्षरांत, पासपोर्टवर सासरचं. त्याला दुवा एकच, विवाह नोंदणीचा दाखला, आणि तो आहे कन्नडमध्ये. प्रमाणित इंग्रजी भाषांतर इथेच करून पाठवतो. गावाचं नाव जुन्या कागदांवर 'बेलगाम', 1 नोव्हेंबर 2014 नंतरच्या कागदांवर 'बेळगावी' आहे. प्रत्येक फॉर्मवर पासपोर्टवर आहे तेच घाल. कुणी विचारलं तर सरकारनं नाव बदललं एवढं सांग. सीमावादाचा इतिहास सांगत बसू नकोस (तुझ्या बाबांना मात्र ही सूचना पटलेली नाही).

अनुभवाचा दाखला तुझ्या मालकांनी दोन ओळींत दिलाय, तो चालणार नाही. लेटरहेडवर पद, कामाचे दिनांक, आठवड्याचे तास, पगार, कामांची यादी, सही आणि फोन नंबर हवा. मजकूर तूच तयार कर, आम्ही सही आणतो. सोबत फॉर्म 16 आणि पीएफचं पासबुक जोड. छोट्या कारखान्याच्या दाखल्यावर शंका आली तर हेच कागद बोलतात. तिकडचे लोक नोकरी देण्याआधी जुन्या साहेबांना फोन करतात. टोरांटोतले सकाळचे नऊ म्हणजे उन्हाळ्यात इथे संध्याकाळचे साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. साहेबांना तसं आधी सांगून ठेवतो, नाहीतर परदेशी नंबर बघून ते उचलणारच नाहीत.

परवाना नसताना स्वतःपुढे 'इंजिनिअर' लावणं तिथे कायद्याला धरून नाही. जुन्या नोकरीचं पद दाखल्यावर आहे तसं राहू दे, पण वर मथळ्यात 'क्वालिटी स्पेशलिस्ट, कास्टिंग्ज' लिही. परवानाधारकाच्या देखरेखीखाली काम करायला परवाना लागत नाही. पुढे पी.इंग. हा परवाना हवा तर 48 महिन्यांचा अनुभव लागतो. 2023 मध्ये पीईओनं त्यातली कॅनडातल्या अनुभवाची सक्ती काढली, म्हणजे उद्यमबागेतले महिने वाया जात नाहीत. 34 कौशल्यांवर उदाहरणं लिहून द्यावी लागतात, त्यासाठी आत्तापासून वही घाल.

'कॅनेडियन एक्स्पीरियन्स आहे का' हे वाक्य तुला ऐकावं लागेलच. 25 किंवा जास्त माणसं असलेल्या ओंटारिओतल्या मालकांना 1 जानेवारी 2026 पासून जाहिरातीत ती अट घालता येत नाही, पगाराची पट्टीही द्यावी लागते. मुलाखतीत मात्र हा प्रश्न वळसे घेऊन येतो. तेव्हा कायदा काढू नकोस. थर्ड अँगल आणि ए48 बद्दल बोल, शंका तिथेच मिटते.

गोदामातल्या रात्रपाळीबद्दल विचारलंस. आमचं मत स्पष्ट आहे. पैशाची नड असेल तर घे, पण आठवड्याचे दोन दिवस अर्जांसाठी राखून. तितक्याच किंवा थोड्या कमी पैशांत सीएमएम (भागांची मापं घेणारं यंत्र) ऑपरेटर किंवा इन्स्पेक्टरची जागा मिळत असेल, तर डोळे झाकून ती घे, पद खालचं असलं तरी. तिथून क्वालिटीत वर जाता येतं. गोदामातून वर्षभरानं अर्ज केलास, तर फौंड्रीच्या आधी गोदामच वाचलं जातं.

नोकरी लावतो म्हणून कुणी पैसे मागितले, मग तो आपल्या भागातला का असेना, तर उठून ये. ओंटारिओत एजन्सीला उमेदवाराकडून फी घेता येत नाही, आणि 1 जुलै 2024 पासून त्यांना परवाना लागतो. तू पीआरवर (कायम रहिवासी) आहेस, तुला एलएमआयएची, म्हणजे परदेशी माणूस घ्यायला मालकाला लागणाऱ्या सरकारी मंजुरीची, गरजच नाही.

स्वराचं नाव पाळणाघरांच्या यादीत आजच घाल, नोकरी लागल्यावर नव्हे. सरकारी पाळणाघर योजनेतल्या केंद्रांत सहा वर्षांखालच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त 22 डॉलर पडतात, त्यामुळे रांग मोठी असते. जागा नाही म्हणून हातची नोकरी सोडावी लागते ती बहुधा आईलाच. जावईबापूंच्या पाळ्याही त्याच वेळी ठरवून घे.

रेफरन्स नंबर आणि स्कॅन आले की आम्ही ज्ञानसंगमला जातो. दाखल्याचा मजकूरही त्याच मेलमध्ये पाठव, म्हणजे सही त्याच फेरीत होईल.

तुझे,
आई-बाबा