नावं गाळू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाश्चात्त्य देशांतल्या हरे कृष्ण चळवळीवरचा आपला लेख काल वाचला आणि राहवलं नाही म्हणून लिहिते आहे. पानभर लेखात बीटल्सवाल्या जॉर्ज हॅरिसनचे दोन फोटो, आणि या चळवळीची ‘इस्कॉन’ संस्था स्थापणाऱ्या स्वामी प्रभुपादांना अमेरिकेचं तिकीट देणाऱ्या बाईंचा उल्लेख ‘मुंबईतील एक उद्योजिका’ एवढाच! सुमती मोरारजी हे नाव मुंबईच्या वर्तमानपत्राने गाळावं, याचं फार वाईट वाटलं. १९६५ साली, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, स्वामी त्यांच्या सिंदिया जहाज कंपनीच्या ‘जलदूत’ या मालवाहू बोटीने कोलकात्याहून निघाले, ते याच बाईंमुळे. त्यांचं वय पाहून त्या आधी नकोच म्हणत होत्या. स्वामींच्या इंग्रजी भागवताचा तिसरा खंड छापायलाही त्यांनीच हातभार लावला होता.

हॅरिसनने १९७३ मध्ये इंग्लंडमधला वॉटफर्डजवळचा वाडा चळवळीला देवळासाठी घेऊन दिला, ते उपकार मोठेच. पण लेख तिथेच थांबतो, जणू वाडा मिळाला आणि पुढचं सगळं आपोआप झालं. मी तेव्हा लंडनच्या हॅरो भागात राहत होते. जन्माष्टमीला लेचमोर हीथ गावातल्या त्या चिंचोळ्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागायची. युगांडातून इदी अमीनने हाकललेले एक गुजराती काका पिवळं जाकीट घालून, हातात टॉर्च घेऊन भर पावसात गाड्या वळवत उभे असायचे. गाडी लांब शेतात लावून, साडीचे काठ चिखलातून सावरत, लेकाला कडेवर घेऊन आम्ही चालत जायचो. एका वर्षी गावातली एक बाई फाटकाशी उभी राहून आमच्या गाड्यांचे नंबर वहीत उतरवून घेत होती. माझ्याकडे वर मान करून पाहिलंही नाही तिने. तो अपमान मी आजही विसरलेले नाही.

पुढे १९९४ साली तिथल्या सार्वजनिक पूजेवर बंदी आली. लंडनच्या रस्त्यांवर मोर्चे निघाले, त्यात हॅरिसनचे चाहते किती होते मला माहीत नाही, पण वेम्बली-हॅरोचे दुकानदार, पोस्टातले कारकून, नर्सची ड्यूटी संपवून आलेल्या बायका होत्या. १९९६ मध्ये अखेर परवानगी मिळाली, गावाला वळसा घालणाऱ्या वेगळ्या रस्त्यासह. हिप्पींनी चळवळीला सुरुवात करून दिली असेल, पण त्या वाड्यातलं देऊळ टिकवलं ते पोटापाण्यासाठी तिकडे गेलेल्या आपल्या माणसांनी. तुमच्या लेखात त्यांच्यासाठी एक ओळ नाही.

आणखी एक. इस्कॉनच्या गुरुकुलांत, म्हणजे निवासी शाळांत, भक्तांच्याच मुलांचा जो छळ झाला, त्याबद्दल लेखात अवाक्षर नाही. संस्थेच्याच नियतकालिकाने १९९८ साली त्यावरचा अभ्यास छापला, पुढे अमेरिकेत खटला दाखल झाला, नुकसानभरपाई द्यावी लागली. मी आजही जुहूच्या देवळात जाते, कीर्तनात उभी राहते, आणि म्हणूनच सांगते, हे झाकून केलेलं कौतुक आम्हा भक्तांना नको आहे. ती मुलं आज पन्नाशीला आली आहेत.

निदान सुमतीबेनचं नाव तरी पुढच्या रविवारी छापा, आणि तेही कोपऱ्यातल्या बारीक टायपात नको.

आपली,
एक जुनी वाचक, विलेपार्ले