फँटसी टीम लावताय? आधी प्रवेश फी बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की पेठांतल्या कट्ट्यांवर फँटसी टीमची, म्हणजे खऱ्या खेळाडूंची काल्पनिक टीम लावून त्यांच्या सामन्यातल्या कामगिरीवर गुण मिळवायच्या ऑनलाइन खेळाची, चर्चाही रंगते. "कुठल्या साइटवर खेळू?" या प्रश्नाचे उत्तर ऑगस्ट २०२५ पासून पार बदलले आहे. ते अजून सगळ्यांपर्यंत पोचलेले नाही, म्हणून हे पत्र.

त्या महिन्यात संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली आणि ड्रीम इलेव्हन या फँटसी ॲपने पैशांच्या स्पर्धा लगेच थांबवल्या. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा जुना वाद कायद्याने बाजूला ठेवला आहे. पैसे भरून पैसे जिंकायचे असतील तर तो खेळ चालवता येत नाही. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, पण चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, तर जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. बोनससाठी ग्रुपवर लिंका टाकणाऱ्या पोरांनी हे जाहिरातीचे कलम नीट वाचावे.

म्हणून पहिली कसोटी एकच : प्रवेश फी आहे का? असेल तर साइट कितीही चकचकीत असो, ती सोडा. अशा साइटची लिंक बहुधा टेलिग्रामवरून येते आणि ॲप प्ले स्टोअरऐवजी एपीके फाइलमधून (थेट फोनवर टाकायच्या ॲपच्या फाइलमधून) घ्यायला लावतात. हे ॲप मेसेज वाचायची परवानगी मागते. ती दिली की बँकेचा ओटीपी त्यांच्या हाती गेलाच म्हणून समजा. पैसे भरताना यूपीआयवर कंपनीचे नाव दिसत नाही, कुणा व्यक्तीचे दिसते, तेही दर वेळी निराळे. ही भाड्याने घेतलेली खाती असतात. त्यांपैकी एकावर फसवणुकीची तक्रार झाली की पोलीस पैशांची साखळी तपासतात आणि त्या खात्यातून "जिंकलेली" रक्कम ज्याच्याकडे आली, त्याचेही खाते गोठू शकते. कमिशनच्या आमिषाने स्वतःचे पासबुक आणि एटीएम कार्ड दुसऱ्याला देणारे कॉलेजचे विद्यार्थी यात सर्वांत आधी अडकतात, याची आम्हाला फार काळजी वाटते.

पैसे काढायला गेल्यावर "आधी ३० टक्के टॅक्स भरा" असा निरोप आला, तर ती फसवणूकच. एप्रिल २०२३ पासूनच्या नियमात हा कर निव्वळ जिंकलेल्या रकमेतून कापून उरलेले पैसे द्यायचे होते. खेळणाऱ्याने वरून काही भरायचे नव्हते. पैसे गेलेच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला ताबडतोब फोन करा. यूटीआर (व्यवहाराचा) क्रमांक आणि स्क्रीनशॉट जवळ ठेवा. उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यांत फुटते आणि हाती लागत नाही.

मोफत खेळांतही निवड करावी लागते. ईमेल किंवा मोबाइल क्रमांकावर काम भागत असताना कुणी पॅन आणि बँक खाते मागत असेल तर तिथे थांबू नका. नंतर टीम कधी बंद होते ते पाहा. आयपीएलचा संध्याकाळचा सामना साडेसातला, नाणेफेक सातला. टीम नाणेफेकीआधीच बंद होत असेल, तर अंतिम अकरात नसलेला खेळाडू गळ्यात पडतो आणि शून्य गुण मिळतात. इम्पॅक्ट प्लेअरला (सामना सुरू असताना बदली म्हणून उतरणाऱ्या खेळाडूला) गुण कसे देतात, तेही नियमांत शोधा. एकाला अनेक टीम लावता येत असतील तर वीस टीम लावणारा पुढे जाणारच; एकाला एकच टीम असलेली स्पर्धा बरी.

कोल्हापूरच्या फुटबॉलवेड्यांना आमची शिफारस इंग्लंडच्या प्रीमियर लीगच्या अधिकृत मोफत फँटसीची आहे. ती रोजची नाही, हंगामभर चालते. १० कोटी पौंडांच्या काल्पनिक रकमेत १५ खेळाडू घ्यायचे : २ गोलरक्षक, ५ बचावपटू, ५ मधल्या फळीतले, ३ आघाडीचे. एका क्लबचे तिघांहून जास्त चालत नाहीत. कर्णधाराचे गुण दुप्पट. मुख्य अकरातला कुणी खेळलाच नाही तर राखीवातला आपोआप आत येतो, म्हणून राखीव खेळाडूंचा क्रम विचार करून लावा. मोफत बदल संपल्यावर पुढच्या प्रत्येक बदलाला ४ गुण कापतात. नवखे इथेच हरतात. कोड देऊन आपल्या तालमीपुरती (पेठेतल्या मंडळापुरती) खासगी लीगही काढता येते. फक्त त्यावर वर्गणी काढून पैजा लावू नका, नाहीतर खेळ पुन्हा जुगारावर जातो.

वेळेचा घोळ मात्र नेहमीचा. त्या फेरीच्या पहिल्या सामन्याच्या ९० मिनिटे आधी टीम बंद होते. शनिवारचा, तिकडच्या दुपारी साडेबाराचा सामना पहिला असेल तर आपल्याकडे साडेतीनला, आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळे मागे गेली की साडेचारला. शुक्रवारी रात्री सामना असेल तर टीम गुरुवारीच लावून ठेवा.

आपले,
शिवाजी पेठेतील काही फुटबॉलप्रेमी वाचक, कोल्हापूर