बाबा, पंधराचं नको, नऊ पॉइंट नऊचं घेऊया

प्रिय आई आणि बाबा,

परवा फोनवर बाबा चिडले आणि माझं बोलणं अर्धवटच राहिलं, म्हणून सगळं लिहून पाठवतेय. आई, तूच मोठ्याने वाचून दाखव, म्हणजे दोघांना एकदमच कळेल.

बाबा, तुम्ही म्हणालात की होडीसाठी १५ हॉर्सपॉवरचं जुनं टू-स्ट्रोक इंजिन, म्हणजे पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून चालणारं, मिळत होतं, चकचकीत होतं, तरी मी नाही का म्हटलं. ते बघायला गेले तेव्हा पहिली गोष्ट मी काय केली तर वरचं झाकण काढून इंजिनाला हात लावला, गरम होतं. मी येणार हे माहीत असूनही विकणाऱ्याने आधीच चालू करून ठेवलेलं. जुनं इंजिन थंड असताना कसं चालू होतं हेच तर बघायचं असतं, गरम झाल्यावर काय, कुठलंही एका ओढीत चालू होतं. तिथेच मनात शंका आली. मग नीट बघितलं तर रंग नवा, पण बोल्टच्या डोक्यांवर पान्याच्या खुणा, आणि खालच्या भागात रंगाला फुगे, टोकरलं की आतून पांढरी पावडर. खारं पाणी ॲल्युमिनियम खातं ते असंच, वरून रंग मारला तरी आतून चालूच राहतं.

तरी म्हटलं आलोय तर पुढचं बघू. त्याला विचारून गिअरचं ऑइल थोडं काढलं, खालचा स्क्रू सैल केला तर आधी पाण्याचे थेंब आणि मागून दुधाळ पांढरट ऑइल. म्हणजे सील, पाणी अडवणारं रबर, गेलेलं, पाणी आत शिरतंय, आणि असं किती महिने चाललंय कोणास ठाऊक, गिअर आणि बेअरिंग गंजलेले असणारच. मग पंखा काढायला लावला, बाबा, आणि पंख्याच्या मागे शाफ्टवर नायलॉनचा दोरा घट्ट गुंडाळलेला निघाला, बारीक, सुतासारखा झालेला. तो दोरा फिरता फिरता सील कापतो. तुमच्या जाळ्याचा, गळाचा दोरा किती वेळा पंख्यात जातो ते तुम्हीच सांगा, आणि दर वेळी तुम्ही बाहेरचा कापून टाकता, पंखा काढून मागे बघता का? आपल्या जुन्या इंजिनाचं पण तसंच झालं असेल असं मला आता वाटतं.

कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तो पण मोजला. दोन्ही प्लग काढून, गेज लावून, थ्रॉटल पूर्ण उघडून दोरी ओढायची, एका सिलिंडरला १२० पौंड आणि दुसऱ्याला ९०. आकडा इंजिनाप्रमाणे कमी-जास्त असतो, त्याचं एवढं नाही, पण दोन सिलिंडरमध्ये १० टक्क्यांपेक्षा जास्त फरक म्हणजे आत रिंग नाहीतर पिस्टन गेलंय. इथे तर २५ टक्के. म्हणून नाही म्हटलं. तुम्ही तिथे असतात तर तुम्हीही नाहीच म्हटलं असतं.

आता जे मला आवडलंय ते सांगते. ९.९ चं फोर-स्ट्रोक, दोन सिलिंडर, दिसायला अजिबात चांगलं नाही, झाकणावर ओरखडे, खालच्या पात्याचं टोक घासलेलं, म्हणजे वाळूला लागलंय. पण मालकाने स्वतःहून सांगितलं की कुठे घासलं, पाण्याचा पंप कधी बदलला, पावती पण दाखवली, इंजिनावरचा नंबर आणि कागदावरचा नंबर मी जुळवून बघितला, बरोबर आहे. थंडच होतं. तिसऱ्या ओढीला चालू झालं. पाण्याच्या ड्रममध्ये २० मिनिटं चालवलं, मागून पाण्याची धार पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखी, गिअरचं ऑइल स्वच्छ, डिपस्टिकवरचं ऑइल काळं पण पाणी नाही की पेट्रोलचा वास नाही. दोन्ही सिलिंडरच्या कॉम्प्रेशनमध्ये २ पौंडांचा फरक. खाली जस्ताचे तुकडे असतात ना, गंज स्वतःवर घेणारे, ते अर्धे झिजलेले होते आणि मला ते बघून बरं वाटलं, म्हणजे ते आपलं काम करतायत. त्या पहिल्या इंजिनाच्या जस्तावर तर रंगच मारलेला होता, रंग मारला की जस्ताचा काही उपयोग नाही.

बाबा, आता तुमचा मुद्दा. ९.९ ने ओढवणार नाही, उलट्या पाण्यात अडकेन असं तुम्ही म्हणता. पण आपली होडी १४ फुटांची, पाण्यात १३ फूट बसते, जाळं आणि मासळी भरल्यावर ती पाण्यावर उचलली जातच नाही, पाणी कापत जाते, आणि अशा होडीला साधारण ४.८ नॉटच्या पुढे जायला इंजिन कितीही मोठं लावा, फक्त पेट्रोल जळतं आणि मागून लाट उठते. जोर लागतो तो पंख्याचा. म्हणून वेगाचा नाही, कमी पिचचा पंखा लावायचा, म्हणजे एका फेरीत कमी पुढे सरकणारा, पण जोर देणारा. पाण्यात घेऊन भरलेल्या होडीसकट फुल थ्रॉटल द्यायचं, इंजिन मिनिटाला ५,००० ते ६,००० फेऱ्यांच्या आत आलं म्हणजे पंखा बरोबर, खालीच अडकलं तर पिच अजून कमी करायचा. हे मी तुमच्याबरोबर येऊन करणार, एकटीने ठरवणार नाही.

वजन पण बघा. फोर-स्ट्रोक आपल्या जुन्यापेक्षा थोडं जड आहे, हे मी लपवत नाही, ९.९ चं ४० किलोच्या आसपास आणि १५ चं फोर-स्ट्रोक घेतलं तर त्याहून जास्तच. मागच्या फळीवर जितकं जड, तितकं मागून पाणी आत यायला सोपं, त्यात तुम्ही मागेच बसता. आणि तुमचा खांदा. दोरी ओढताना तुम्ही तोंड दुसरीकडे वळवता ते आईला दिसतं, मलाही दिसलंय.

टू-स्ट्रोक समुद्रात तुम्हाला स्वतःला दुरुस्त करता येतं हे तुमचं म्हणणं खरं आहे, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. पण जाळं टाकून तासन् तास हळू चालवायचं तर फोर-स्ट्रोक शांत चालतं, धूर नाकात जात नाही, पेट्रोल कमी खातं. प्लग आणि दोरी बदलायचं मी तुम्हाला दाखवून ठेवीन, वल्ही होडीत राहणारच आहेत.

आई, तुझं ते १० लिटरला २०० मिली ऑइल मोजायचं माप आता ठेवून दे. ह्यात पेट्रोल साधंच घालायचं, ऑइल इंजिनात वेगळं असतं. जुना मिसळलेला कॅन बाजूला काढून ठेव, चुकून ह्यात ओतला जायला नको. आणि इंजिन काढून आडवं ठेवायचं झालं तर ज्या बाजूवर ठेवायचं ती त्याच्यावर लिहिलेली असते, त्याच बाजूवर, नाहीतर ऑइल सिलिंडरमध्ये उतरतं. रोज आल्यावर गोड्या पाण्यावर १० मिनिटं चालवायचं. पाण्याशिवाय मात्र एक मिनिटसुद्धा नाही, पंपाचा रबर जळतो. तो रबर मी पहिल्याच दिवशी नवा घालणार आहे, पावती असली तरी. गिअर ऑइल, प्लग आणि जस्त पण नवीन.

बाबा, एक मागते. लाल दोरी, ती इंजिन बंद करायची, मनगटाला बांधा. पडलात तर इंजिन थांबलं पाहिजे. मागच्या महिन्यात इंजिन बंद पडलं आणि तुम्ही दोन तास वल्हवत आलात, ते तुम्ही मला सांगितलंच नाही, आईकडून कळलं, त्या रात्री मला झोप लागली नाही.

त्या माणसाला मी रविवारपर्यंत थांबायला सांगितलंय. त्याच्या आत एवढं करा: मागच्या फळीच्या वरच्या कडेपासून खाली होडीच्या तळापर्यंत, मधोमध, टेप लावून मोजा. ह्या इंजिनाचा शाफ्ट, म्हणजे फळीवरून खाली पाण्यात जाणारा पाय, २० इंची फळीसाठीचा आहे. फळी १५ इंच भरली तर हे आपल्याला चालणार नाही, मग दुसरं शोधीन. आई टेपचं एक टोक धरेल, तुम्ही खाली वाकू नका, आणि आकडा दिसेल असा फोटो पाठवा.

तुमची,
ताई