लघवीच्या अहवालावर वेळ छापली जावी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

उन्हाळा लागला की आमच्या खानदेशात मुतखड्याची चर्चा सुरू होते आणि लघवीच्या अहवालातील ‘स्फटिक आढळले’ हे दोन शब्द घरोघरी धास्ती निर्माण करतात. बरीच वर्षे प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकावर काम केल्यामुळे मला हे सांगणे कर्तव्य वाटते की, असे स्फटिक मूत्रपिंडातच तयार झालेले असतात असे नाही. पुष्कळदा ते बाटलीत तयार होतात.

लघवी शरीराबाहेर पडते तेव्हा तिचे तापमान सुमारे ३७ अंश सेल्सिअस असते. ती थंड होऊ लागली की विरघळलेले क्षार वेगळे होऊन तळाशी बसू लागतात, म्हणून नमुना फ्रिजमध्ये न ठेवता दोन तासांच्या आत तपासावा, असे आम्हाला शिकवले गेले. फ्रिजमुळे जंतूंची वाढ रोखली जाते हे खरे. पण स्फटिकांच्या बाबतीत तीच थंडी दिशाभूल करते. उलट नमुना उकाड्यात पडून राहिला, तर काही जंतू युरियापासून अमोनिया तयार करतात, सामू (पीएच) वाढतो, युरिक आम्लाचे स्फटिक विरघळतात आणि फॉस्फेटचे नवे दिसू लागतात.

आमच्या शेजारच्या एका गृहस्थांचा नमुना सकाळी सातला संकलन केंद्रात दिला गेला, बर्फाच्या डब्यातून शहरात गेला आणि दुपारनंतर तपासला गेला. अहवालात स्फटिक भरपूर, सोनोग्राफीत खडा नाही. तरी त्यांनी भीतीने टोमॅटो आणि पालक सोडला होता. मी त्यांचा ताजा नमुना ओळखीच्या प्रयोगशाळेत अर्ध्या तासात पाहिला, तेव्हा एकही स्फटिक दिसला नाही. उरलेला भाग फ्रिजमध्ये ठेवला, तर चार तासांनी परीक्षानळीच्या तळाशी विटकरी गाळ बसला होता. नळी ६० अंशांच्या पाण्यात धरल्यावर तो विरघळला आणि लघवी पुन्हा नितळ झाली. युरेटचा, म्हणजे युरिक आम्लाच्या क्षारांचा, गाळ असाच वागतो.

याचा अर्थ ही तपासणी निरुपयोगी आहे, असा मुळीच नाही. सिस्टिन या अमिनो आम्लाचा षट्कोनी स्फटिक एखादाच दिसला तरी तो सोडून चालत नाही, कारण निरोगी माणसाच्या लघवीत तो आढळत नाही आणि त्यामागे आनुवंशिक विकार असतो. ऑक्झलेटचे लिफाफ्यासारखे स्फटिक मात्र निरोगी माणसांतही दिसतात. ताज्या नमुन्यात ते वारंवार आणि पुष्कळ आढळले, तरच त्यांना वजन द्यावे.

म्हणून प्रयोगशाळांना माझी कळकळीची विनंती आहे की, अहवालावर सामूसोबत नमुना दिल्याची आणि तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याची वेळ छापावी, आणि या दोन वेळांत दोन तासांहून अधिक अंतर असेल, तर स्फटिकांच्या नोंदीपुढे ‘ताजा नमुना पुन्हा तपासावा’ असे स्पष्ट लिहावे.

आपली नम्र,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, जळगाव