दोन औषधांनंतर पुढे काय?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

दरवर्षी 17 नोव्हेंबरला, राष्ट्रीय अपस्मार दिनी, फिट आलेल्या माणसाला कांदा किंवा चप्पल हुंगवू नये, त्याला कुशीवर वळवावे, असे आवर्जून सांगितले जाते आणि ते सांगायलाच हवे. पण ज्यांच्या फिट औषधांनी थांबतच नाहीत, अशा साधारण एक तृतीयांश रुग्णांनी कुठे जायचे, हे फारसे कोणी सांगत नाही. नीट निवडलेली दोन औषधे पुरेशा मात्रेत घेऊनही फिट येत राहिल्या, तर तो अपस्मार औषधांना दाद न देणारा समजावा, ही व्याख्या आंतरराष्ट्रीय अपस्मारविरोधी संघटनेने 2010 पासून मान्य केलेली आहे.

माझ्या मुलीला नवव्या वर्षी त्रास सुरू झाला. "पोटातून काहीतरी वर येतंय," एवढेच ती म्हणायची, मग टक लावून पाहत ओठ चाटायची, उजव्या हाताने फ्रॉकचे बटण चाचपडत राहायची आणि दीडेक मिनिटाने दमून झोपायची. हातपाय झाडले तरच आकडी, अशी समजूत असल्यामुळे नातेवाइकांनी आधी देवऋषी सुचवला. पुढे एका रुग्णालयात अकरा वर्षे उपचार झाले, एका गोळीच्या चार झाल्या, पण शस्त्रक्रिया हा शब्द कोणी उच्चारला नाही.

तो शब्द आम्ही पहिल्यांदा ऐकला तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत. तिथे अपस्माराच्या शस्त्रक्रिया 1995 मध्ये सुरू झाल्या आणि पुढे आर. माधवन नायर यांच्या नावाचे सर्वंकष अपस्मार केंद्र उभे राहिले. मुलीच्या डोक्याला तारा चिकटवून, औषधे हळूहळू कमी करून, भिंतीवरच्या कॅमेऱ्यासमोर तिला रात्रंदिवस ठेवले होते. फिट आली की बटण दाबायचे, पांघरूण बाजूला करायचे आणि कॅमेऱ्याच्या आड यायचे नाही, हे आईला बजावलेले होते. तेवढ्यात परिचारिका धावत येऊन मुलीला एक शब्द सांगे आणि भानावर आल्यावर तोच विचारी. न्यूरॉलॉजिस्ट, सर्जन, रेडिऑलॉजिस्ट आणि मानसशास्त्रज्ञ एकत्र बसले, तेव्हाच उजव्या बाजूच्या हिप्पोकॅम्पसमधला (मेंदूच्या स्मरणशक्तीशी निगडित भागातला) जुना व्रण हेच फिटचे मूळ असल्याचे ठरले. शस्त्रक्रियेला तीन वर्षे झाली. एक गोळी अजून चालू आहे, फिट मात्र एकही आलेली नाही.

हे आमच्या मुलीचे नशीब म्हणून सोडून देता येत नाही. दिल्लीच्या एम्समध्ये 116 मुलांवर झालेल्या आणि 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, शस्त्रक्रिया झालेल्या गटातील 77 टक्के मुले वर्षभरानंतर फिटमुक्त होती. केवळ औषधांवर असलेल्या गटात हे प्रमाण 7 टक्के होते. केरळमध्ये अपस्मार असलेल्या गर्भवतींची नोंदवहीही वर्षानुवर्षे ठेवली गेली आहे, आणि कोणते औषध बाळाला अधिक घातक ठरू शकते, हे अशा नोंदींतूनच कळते. मुलगी आता लग्नाच्या वयाची आहे, त्यामुळे याचे मोल मला नेमके ठाऊक आहे. (1999 पर्यंत आपल्या हिंदू विवाह कायद्यातही अपस्माराचा उल्लेख वेडाच्या पंक्तीत होता.)

मुंबईत केईएमसारख्या सार्वजनिक रुग्णालयात अशा शस्त्रक्रिया होतात, हे मला मान्य आहे. पण गडचिरोलीच्या किंवा नांदेडच्या रुग्णाने मजुरी बुडवून तिथे किती फेऱ्या माराव्यात? शस्त्रक्रियेआधीच्या स्मरणशक्ती आणि भाषेच्या चाचण्या तर रुग्णाच्या मातृभाषेतच व्हायला हव्यात, म्हणजे त्या मराठीत घेणारी माणसे इथेच तयार झाली पाहिजेत. जिल्ह्याच्या ठिकाणी एका रुग्णालयात मी ईईजीचे, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरी नोंदवणारे, यंत्र कापडाखाली झाकलेले पाहिले आहे, कारण ते चालवणारा तंत्रज्ञच नव्हता.

म्हणून वैद्यकीय शिक्षण विभागाला विनंती आहे की, प्रत्येक महसुली विभागातील किमान एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात व्हिडिओ ईईजीचा, म्हणजे कॅमेऱ्यासमोर अशी नोंद करण्याचा, कक्ष उभारावा, त्यासोबतच ईईजी तंत्रज्ञांचा अभ्यासक्रम सुरू करून त्यांची पदे भरावीत, आणि दोन औषधे निष्फळ ठरलेल्या रुग्णाच्या केसपेपरवर पुढील केंद्राचे नाव लिहून देणे बंधनकारक करावे. यातल्या शेवटच्या गोष्टीला तर पैसाही लागत नाही. ती उद्यापासून सुरू करता येईल.

आपला विश्वासू,
एक पालक, सांगली